गोळ्या, सलाईन की बीट? सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८.६ आलं तर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. पहिलीच खेप आहे, सहावा महिना चालू आहे, चोवीस आठवडे झालेत. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.२ होतं, आता ८.६ आलंय. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून दिल्या होत्या, पण घेतल्या की मळमळायचं, संडासला काळी आणि घट्ट व्हायची, म्हणून मध्ये सोडल्या, पुन्हा धरल्या, पुन्हा सोडल्या. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे रोज चालू आहेत. आता डॉक्टर सलाईनमधून लोह द्यायचं म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, एवढं लोह पोटात गेलं तर बाळ काळं होतं. तर सलाईन घ्यावं का, की खाण्यापिण्यातूनच भरून निघेल?

मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं बाळंतपणं करते आणि हा प्रश्न ओपीडीत जवळपास रोजचाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के जणींचं रक्त कमी निघालं होतं. म्हणजे ताई, तुम्ही एकट्या नाही, आणि तुमच्याकडून काही भयंकर चूक झाली असंही नाही. पण सलाईन घ्यावं की नाही, हा तुमचा खरा प्रश्न नाही. आधी दोन गोष्टींचा निकाल लागायला हवा. एक, गोळ्या देऊनही रक्त का वाढलं नाही? दोन, बाळंतपणाला किती आठवडे उरलेत? या दोन्हींची उत्तरं मिळाली की सलाईनचं आपोआप ठरतं. नुसत्या ८.६ या आकड्यावर नाही ठरत.

आधी त्या आकड्याबद्दल. दिवस गेल्यावर अंगातलं रक्त वाढतं, पण सगळं सारख्या प्रमाणात नाही. रक्तातला पाण्याचा भाग चाळीस-पन्नास टक्के वाढतो आणि लाल पेशी वीस-तीस टक्केच वाढतात. पाहुणे आले म्हणून आमटीत पाणी वाढवलं की डाळ तेवढीच राहून आमटी पातळ होते, तसंच हे. म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन थोडं उतरणं स्वाभाविक असतं आणि त्याला आम्ही आजार म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापात गरोदरपणात ११ च्या खाली रक्त कमी धरतात, मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या खाली. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. तुमचं ८.६ नुसत्या पातळपणाने आलेलं नाही, त्यात खरी कमतरता आहे. पण ती मध्यम आहे. घाबरून आजच्या आज दवाखान्यात भरती व्हायची वेळ आलेली नाही.

मात्र दोन्ही वेळा तपासणी कुठे झाली होती, तेही बघा. एकदा बोटाला टोचून आणि एकदा हाताच्या शिरेतून रक्त घेऊन मशीनवर केली असेल, तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. पुढची तपासणी एकाच लॅबमध्ये करत जा.

मग एवढी घाई कशाची, असं घरचे विचारतात. "आमच्या वेळी कोण मोजत होतं हिमोग्लोबिन?" हे वाक्य मी आजेसासूबाईंकडून इतक्यांदा ऐकलंय की हल्ली त्यावर हसूनच उत्तर देते. घाई आजची नाही, बाळंतपणाच्या दिवसाची आहे. साध्या बाळंतपणात तीनशे ते पाचशे मिलीलिटर रक्त जातं, सिझेरियनमध्ये लिटरभरही जाऊ शकतं. हिमोग्लोबिन ११ असलेली बाई ते सोसते आणि दुसऱ्या दिवशी उठून बसते. ७ वर आलेल्या बाईला तेवढंच रक्त गेलं तर तिचा जीव धोक्यात येतो, आणि जास्त गेलं तर आमच्या हातात फार थोडा वेळ उरतो. आपल्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांमध्ये रक्तस्राव हेच सगळ्यात मोठं कारण आहे. शिवाय रक्त कमी असलं की दिवस भरण्याआधी कळा येण्याची आणि बाळ कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते. तुमच्याकडे साधारण सोळा आठवडे आहेत. व्यवस्थित वापरले तर ते पुरेसे आहेत.

आता पहिला सवाल. गोळ्या लागू का पडल्या नाहीत? "गोळ्या लागू पडत नाहीत" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी आधी पिशवी टेबलावर ओतायला सांगते. त्यातून काय काय निघतं! सरकारी दवाखान्याची लाल गोळ्यांची पाकिटं, बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेली तीच गोळी वेगळ्या नावाने, कॅल्शियम, पित्ताची गोळी, प्रोटीनची पावडर. आणि लोहाची पट्टी बहुतेक वेळा भरलेलीच असते. जिची रिकामी असते तिला विचारलं की कळतं, सकाळी चहाबरोबर लोह, कॅल्शियम आणि पित्ताची अशा तिन्ही गोळ्या एकदमच घशाखाली जातात. कारण "एकदाच्या घेतल्या की विसरायला होत नाही". विसरायला होत नाही हे खरं, पण लोह अंगीही लागत नाही. चहा-कॉफीतली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियम आणि दूध त्याचं शोषण कमी करतात, आणि पित्ताची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, जे लोह शोषलं जायला हवंच असतं. त्या बाईने प्रामाणिकपणे गोळी घेतलेली असते, फक्त ती पोटातून तशीच पुढे गेलेली असते.

तुम्ही गोळ्यांची वेळ लिहिलेली नाही, म्हणून जे मी सगळ्यांना सांगते तेच सांगते. कॅल्शियमची गोळी नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर घ्या. लोहाची रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. डॉक्टरांनी लोहाच्या दोन गोळ्या सांगितल्या असतील (मध्यम कमतरतेत सहसा दोन सांगतात), तर दुसरी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, म्हणजे नाश्त्यानंतर दोन-अडीच तासांनी आणि जेवणाआधी. दोन्ही वेळी तासभर आधी आणि तासभर नंतर चहा नको. पित्ताची गोळी खरंच लागतेय का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा ती एकदा सुरू झालेली असते आणि नंतर बंद करायची कुणाला आठवणच राहत नाही. रिकाम्या पोटी लोह सगळ्यात चांगलं शोषलं जातं हे खरं, पण रिकाम्या पोटी घेऊन उलटून टाकण्यापेक्षा थोडं काही खाऊन घेतलेली गोळी कितीतरी बरी.

मळमळ ही तुमच्या मनाची कल्पना नाही. लोहाने पोट ढवळतं, मळमळतं, संडासला घट्ट होते. यावर उपाय आहेत. झोपताना घेतली की निम्म्या बायकांना मळमळ जाणवतही नाही. लोहाचा क्षार, म्हणजे गोळीत लोह ज्या रूपात असतं ते, बदलून बघता येतो, सल्फेट सोसत नसेल तर फ्युमरेट किंवा ॲस्कॉर्बेट. पण गोळीच्या नावावर जाऊ नका, पाकिटावर 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे निव्वळ लोह, किती मिलीग्रॅम लिहिलंय ते वाचा. सरकारी लाल गोळीत ते ६० मिलीग्रॅम असतं, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. बाजारातल्या काही महागड्या, छान चवीच्या सिरपांत एका चमच्यात त्याच्या निम्मंही नसतं. मळमळत नाही, कारण त्यात लोहच नाही! फुकट मिळते म्हणून लाल गोळीला कमी लेखू नका.

आणि रोज घेणं काही केल्या जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून एक दिवसाआड घ्या, सोडून मात्र देऊ नका. यामागे शरीराचं एक गणित आहे. लोहाचा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, ते साधारण दिवसभर वाढलेलं राहतं आणि तोवर आतडं पुढचं लोह कमी ओढतं. म्हणून एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतून दर गोळीमागे जास्त लोह मिळतं. आपल्याकडचा सरकारी कार्यक्रम रोजच्या गोळीचाच आहे आणि जिला सोसते तिने रोजच घ्यावी. जिला सोसत नाही तिच्यासाठी हा मधला रस्ता.

काळ्या संडासची काळजी करू नका. न शोषलेलं लोह तसं दिसतं, एवढंच. उलट, रोज गोळी घेणारी बाई शी काळी होत नाही म्हणाली की मला शंका येते. घट्टपणासाठी पाणी वाढवा, पालेभाजी, पेरू, भिजवलेल्या काळ्या मनुका खा. तेवढ्याने भागलं नाही तर इसबगोल चालतं, फक्त लोहाच्या गोळीच्या वेळी नको.

सासूबाईंसाठी दोन वाक्यं, ती त्यांना वाचून दाखवा. बाळाचा रंग आईबापांकडून आलेल्या जनुकांवर आणि त्वचेतल्या मेलॅनिनवर ठरतो, लोहाच्या गोळीने तो बदलत नाही आणि केशराच्या दुधानेही बदलत नाही. केशराचं दूध आवडत असेल तर खुशाल घ्या, पण रात्रीच्या लोहाच्या गोळीवर नको. हे मी मुद्दाम सांगते, कारण सुनेने गोरं नातवंड द्यावं म्हणून रात्री केशराचं दूध आणि रक्त वाढावं म्हणून त्याच दुधाबरोबर लोहाची गोळी, असा प्रकार मी चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहिलाय.

आता बीट. ताई, बीट लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढतं, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे पक्का बसलाय. शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलीग्रॅमसुद्धा लोह नसतं. डाळिंबात त्याहून कमी. एका लाल गोळीइतकं लोह बीटमधून मिळवायचं तर रोज सात-आठ किलो बीट खावं लागेल. त्यातही शाकाहारी जेवणातलं लोह शरीर फार थोडं उचलतं, शंभरातलं पाच ते दहा भाग. गूळ-शेंगदाणे चांगलेच, पण गुळातलं लोह कोणत्या गुऱ्हाळात, कोणत्या कढईत केला यावर कमीजास्त होतं, त्यावर विसंबून राहता येत नाही. गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत एकूण साधारण १००० मिलीग्रॅम जादा लोह लागतं. तीनशेच्या आसपास बाळाला आणि वारेला, पाचशे तुमच्या वाढलेल्या रक्ताला, बाकीचं नेहमीच्या झिजेला. रक्त मुळात चांगलं असलेल्या बाईलासुद्धा एवढं ताटातून भागवणं कठीण जातं. ८.६ वर असलेल्या बाईला, तेही उरलेल्या सोळा आठवड्यांत, निव्वळ खाऊन ते जमणार नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण "नैसर्गिकच बरं" म्हणत आठवडे घालवलेल्या बायका मला नवव्या महिन्यात भेटतात आणि तेव्हा माझ्याकडे चांगले पर्याय उरलेले नसतात.

याचा अर्थ खाण्याला महत्त्व नाही असा नाही. गोळीचं काम सोपं करेल असं खा. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, माठ-राजगिरा-शेवग्याचा पाला, आणि त्यावर लिंबू पिळून. मोड आणल्याने कडधान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं, आणि जेवणात लिंबू, आवळा, पेरू असं आंबट काही असलं की शोषण वाढतं. भाजी लोखंडी कढईत करा. मांसाहार चालत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा मटण किंवा मासे, कारण त्यातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा खूपच सहज अंगी लागतं. कलेजी मात्र गरोदरपणात वरचेवर नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. अळिवाचे लाडू बाळंतपणानंतरच, तशी आपल्याकडची रीतच आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण विचारते, कारण बायका ती आपणहून सांगत नाहीत. माती, खडू, चुलीतली राख, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का? घरात ते डोहाळे म्हणून कौतुकाने घेतात. पण ते बऱ्याचदा लोह कमी पडल्याचं लक्षण असतं, आणि मातीतून जंत गेले की लोह आणखी कमी होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना सांगून टाका. लोह भरून आलं की ही इच्छा बहुतेकींची आपोआप जाते.

गोळ्या वेळेवर आणि नीट घेऊनही महिन्यात हिमोग्लोबिन एकानेही वाढलं नाही, तर मात्र दुसरं कारण शोधायला हवं. "रक्त कमी" म्हणजे दरवेळी लोहच कमी, असं नाही. तुमच्या सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, कागदावर हिमोग्लोबिनखाली आणखी ओळी असतात, त्या कुणी वाचत नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो लहान असेल तर बहुधा लोहाची कमतरता, मोठा असेल तर बी-१२ किंवा फॉलिक ॲसिडची. फेरिटिन ही वेगळी तपासणी अंगातला लोहाचा साठा सांगते, ती ३० च्या खाली असेल तर लोह कमी आहे हे नक्की. (अंगात ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा करू नका.)

या कागदावर मी एक जोडी न चुकता बघते. एमसीव्ही खूपच कमी, सत्तरच्याही खाली, आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, पन्नास लाखांच्या वर. लोहाच्या कमतरतेत पेशींची संख्याही सहसा कमी असते. लहान आणि भरपूर पेशी दिसल्या की थॅलेसिमिया या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची वाहक असण्याची, म्हणजे स्वतःला मोठा त्रास नसताना तो पुढच्या पिढीत देऊ शकणारी असण्याची, शंका येते. सिंधी, कच्छी, पंजाबी कुटुंबांत हे जास्त आढळतं, पण इतर कुठल्याच समाजात नसतं असं समजू नका. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी आणि काही अनुसूचित जातींच्या कुटुंबांत, सिकल सेल हा असाच आनुवंशिक रक्ताचा आजार असतो. त्यासाठीच केंद्राने २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. दोन्हींसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी असते, आयुष्यात एकदाच करायची. बाई वाहक निघाली तर नवऱ्याचीही लगेच करायची, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तुमची ही तपासणी तिसऱ्या महिन्यात झालेली असू शकते, फाईल चाळून बघा. नसेल तर आता करा. वाहक बाईलाही लोह कमी पडू शकतं, पण किती द्यायचं ते फेरिटिन बघून ठरवावं लागतं.

मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाची गोष्ट तर आपल्या मुंबईतलीच आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत काम करायला आली. मुंबईच्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय होत होता, पेशी मोठ्या आणि बाई पांढरीफटक. विल्सबाईंनी त्या काय खातात, कशा राहतात ते घरोघरी तपासलं, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे ब्रेडला लावतात त्या स्वस्त मार्माइटने, या बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला पुढे बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. तेच आपलं फॉलिक ॲसिड. आज लाल गोळीत ते असतंच, म्हणून नुसत्या फॉलिकच्या कमतरतेचा रक्तक्षय मला फारसा दिसत नाही.

बी-१२ ची कमतरता मात्र खूप दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि मुलांचा १९९३ पासून अभ्यास करत आलेत. तिथल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-१२ कमी आढळलं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडच) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. त्यामुळे घरात शाकाहार असेल, दूध-दहीही बेताचंच असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर बी-१२ तपासून घ्या आणि कमी असेल तर ते सुरू करा. फॉलिक ॲसिड बंद करण्याचा मात्र यात काही संबंध नाही. बी-१२ कमी असताना नुसतं लोह कितीही दिलं तरी रक्त हवं तसं वाढत नाही.

रक्त कुठून जातंय का, हेही बघायला हवं. गरोदरपणात घट्ट संडासमुळे मूळव्याध होते आणि थोडंथोडं रक्त रोज जातं. बायका "उष्णता झाली" म्हणून सोडून देतात. शेतात अनवाणी काम असेल तर हूकवर्म, म्हणजे मातीतून पायाच्या कातडीवाटे शिरणारे आणि आतड्यात रक्त पिणारे जंत. जंताची एक गोळी, ४०० मिलीग्रॅम अल्बेन्डाझोल, तीन महिने उलटल्यावर सगळ्याच गरोदर बायकांना देतात. तुम्ही घेतलीय का, ते आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा.

आता सलाईन. त्यात लोहाचं औषध मिसळून शिरेतून देतात. तुमचं वजन पन्नास किलो धरलं आणि ८.६ वरून ११ वर न्यायचं, तर हिशोब असा: वजन गुणिले वाढवायचं हिमोग्लोबिन गुणिले २.४, त्यात साठ्यासाठी ५०० मिळवायचे. म्हणजे ७८८, साधारण ८०० मिलीग्रॅम. आयर्न सुक्रोज असेल तर एका वेळी २०० मिलीग्रॅम, दिवसाआड, म्हणजे चार खेपा. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज असेल तर वजन बघून बहुतेकदा एका बैठकीत, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. दुसरं महाग आहे, पण लांबच्या गावाहून चार वेळा यायचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर फार महाग पडत नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत हे मोफत मिळतं, जाण्याआधी चौकशी करा. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते, त्या दिवशी विचारणं सगळ्यात सोपं.

भीती मुळात कुठून आली ते मला माहीत आहे. पूर्वी लोहाचं जे इंजेक्शन मिळायचं, डेक्स्ट्रान, त्याने कधीकधी गंभीर रिॲक्शन यायची, आणि कमरेत दिलं की महिनोन्महिने काळा डाग राहायचा. त्या गोष्टी आयांकडून लेकींकडे आल्या. हल्लीच्या औषधांनी गंभीर रिॲक्शन क्वचितच येते. क्वचित येते, येतच नाही असं नव्हे, म्हणून हे सलाईन दवाखान्यातच, डॉक्टर हजर असताना घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. घरी येऊन कुणी लावून देतो म्हणालं तर नको. सुई लावलेल्या जागी जळजळ झाली तर लगेच सांगायचं, औषध शिरेबाहेर गेलं तर तपकिरी डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. दम्याचा किंवा औषधांच्या ॲलर्जीचा इतिहास असेल तर आधी बोलायचं. पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत, तुम्ही त्याच्या पुढे आहात. सलाईननंतर लोहाच्या गोळ्या काही काळ बंद ठेवायला सांगतात, पण त्यांच्याबरोबर फॉलिक ॲसिडही बंद होतं हे लक्षात ठेवा आणि ते वेगळं मागून घ्या. दुसऱ्याच आठवड्यात हिमोग्लोबिन तपासून "काहीच फरक नाही" म्हणू नका, तीन-चार आठवड्यांनी तपासा.

मग तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? सीबीसीचा पूर्ण कागद, फेरिटिन आणि झालेली नसेल तर एचपीएलसी बघितली असती. कारण लोहाचंच निघालं आणि तुम्ही गोळी झोपताना, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला तयार असाल, तर चार आठवडे दिले असते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन किमान एकाने वाढलेलं दिसलं तर तेच पुढे चालू. नाही वाढलं तर त्याच दिवशी सलाईन, आणखी वाट बघणं नाही. पण गोळी खरोखरच पोटात टिकत नसेल, तर चार आठवडे तरी कशाला घालवायचे? मग आत्ताच सलाईन. तुमच्या डॉक्टरांनी तुमचं गोळ्या सोडणं-धरणं बघूनच ते सुचवलं असेल, आणि त्यात काही गैर नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच रिपोर्टात नसते. पहिली खेप म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात ओटीभरण झालं की तुम्ही माहेरी जाणार. डॉक्टर बदलणार, कदाचित जिल्हाही. नव्या ठिकाणी पहिल्या भेटीला आठवडा जातो, तपासण्या पुन्हा होतात, आणि मग बत्तिसाव्या आठवड्यात कळतं की रक्त अजून नऊच आहे. माहेरी जवळपास चांगला दवाखाना नसेल, तर मी सलाईनकडे लवकर झुकते, निघण्याआधीच देऊन टाकते. माहेर शहरात असेल, तिथे रक्तपेढी असेल, तर गोळ्यांना संधी द्यायला हरकत नसते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातल्या बाईला तर मी महिन्याभराने परत ये असं सांगतच नाही, कारण ती येऊ शकणार नाही हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक असतं.

"रक्ताचीच बाटली लावा ना एकदाची" असं नवरेमंडळी म्हणतात. ८.६ ला, चोविसाव्या आठवड्यात, त्याची गरज नाही. दुसऱ्याचं रक्त चढवण्याचे स्वतःचे धोके असतात आणि त्याने लोहाचा साठाही पुरता भरून येत नाही. हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल, किंवा ७ च्या खाली असून बाळंतपण तोंडावर आलं असेल, तर भरती करून रक्त द्यायचा विचार करतात. मात्र बसल्या जागी धाप लागणं, छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, तोंडावर आणि हातांवर सूज, सतत डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर आकड्याची चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. यातल्या काही खुणा रक्ताच्या नसून वाढलेल्या रक्तदाबाच्या असतात, आणि त्या थांबून राहत नाहीत.

माहेरी जाताना फाईलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या: रक्तगट, शेवटचं हिमोग्लोबिन तारखेसह, एचपीएलसीचा निकाल, आणि सलाईनमधून लोह दिलं असेल तर कोणतं, किती आणि कधी. बाळंतपणाच्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला पूर्ण फाईल वाचायला वेळ नसतो, पहिलं पान तो वाचतोच. आणि बाळ झालं की लाल गोळ्या संपल्या असं समजू नका, त्या पुढेही १८० दिवस घ्यायच्या असतात. बाळंतिणीच्या खोलीत शेक, धुरी, डिंकाचे लाडू सगळं आठवणीने होतं, ही गोळी तेवढी राहते. तुमच्या आईला आत्ताच सांगून ठेवा.